लॉबीत टाकलेला पाय

फिलाडेल्फिया
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय संभा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्यात मुद्दाम हरतंय त्याला बक्षीस देत्यात म्हणं? ही तर नुरा कुस्ती झाली. ह्यो कसला न्याय रं?" मी हसलो आणि वहिनींच्या गुडघेदुखीवर विषय नेला. उत्तर द्यायला बसलो असतो तर एक गोष्ट कबूल करावी लागली असती, आणि तुझ्याकडं स्पीकर चालू होता. म्हणून पत्र.

या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी रोज रात्री आमचाच संघ हरावा म्हणून टीव्हीसमोर बसत होतो. आमचा संघ म्हणजे सिक्सर्स, इथल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला. (षटकारांशी संबंध नाही. १७७६ साली या गावात स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला, त्यावरून सेव्हंटी सिक्सर्स.) ८२ सामन्यांचा हंगाम, त्यातले २४ जिंकले, ५८ हरले. एकदा पोरगा व्हिडिओ कॉलवर होता. समोरच्या संघानं बास्केट केला आणि माझी मूठ आपोआप आवळली गेली. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नक्की कुणाकडून?"

आता यामागचं गणित सांगतो. आपल्या आयपीएलमध्ये किंवा प्रो कबड्डीत लिलाव होतो. सगळ्यांच्या थैलीत सारखे पैसे, त्यामुळं तळाला राहून कुणाचं भलं होत नाही. एनबीएमध्ये नव्या पोरांचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो: संघांनी ओळीनं यायचं आणि एकेक पोरगा उचलायचा. आपल्याकडंही एकदा झालं होतं की. २०१५ च्या डिसेंबरात पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आले तेव्हा पहिली निवड पुण्याची होती आणि त्यांनी धोनीला उचललं. इथं ते दरवर्षी होतं आणि ओळीत पुढं कोण, हे आदल्या हंगामातल्या पराभवांवर ठरतं. हेतू चांगला आहे, दुबळ्याला बळ मिळावं. त्यात पहिल्या कराराचा पगार नियमानं बांधलेला, म्हणजे उद्याचा महारथी चार वर्षं स्वस्तात. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच माणसं असतात. एक असामान्य पोरगा आला की संघाचं नशीब पालटतं. अशा एका पोरासाठी वर्षभर मार खायला मालक एका पायावर तयार असतो. याला इथं टँकिंग म्हणतात.

तू नुरा म्हणालास, पण नुरा कुस्तीत दोन पैलवान आधी ठरवून खेळतात. इथं खेळाडू हरायला खेळत नाही. त्याची रोजीरोटी त्यावर आहे, तो जीव तोडून पळतो. हरण्याची व्यवस्था वर, ऑफिसात होते. चांगले खेळाडू विकून टाका, बरा असलेला गुडघा 'दुखतोय' म्हणून सांगा, कच्ची पोरं उतरवा.

हे सगळ्यात उघडपणे केलं ते आमच्याच गावानं. सॅम हिंकी नावाचा माणूस २०१३ मध्ये आमच्या संघाची सूत्रं हाती घेऊन आला आणि पुढचे तीन हंगाम असे गेले: १९ विजय, १८ विजय, १० विजय. लोकांनी त्याला 'द प्रोसेस' असं नाव दिलं आणि आम्ही 'ट्रस्ट द प्रोसेस' अशा घोषणा द्यायचो. हो, आम्ही. मी ऑफिसात फळ्यावर टक्केवारी मांडून लोकांना पटवलंय की हरणं हेच शहाणपण आहे.

१ डिसेंबर २०१५ ला पोराला घेऊन मी सामन्याला गेलो. तेव्हा तिकिटं मातीमोल झाली होती, पण त्या दिवशी नव्हती, कारण पाहुण्या लेकर्स संघाचा महारथी कोबी ब्रायंट या गावचा आणि गावातला त्याचा हा शेवटचा सामना. आमचा संघ मागच्या हंगामापासून धरून सलग २८ हरलेला. आणि त्या रात्री आम्ही जिंकलो, १०३-९१. पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, मीही ओरडत होतो, आणि मग घरी येताना गाडीत मी त्याला म्हणालो, "अरे पण, जास्त जिंकून चालणार नाही हं." नऊ वर्षांचा होता तो. काहीच बोलला नाही, खिडकीबाहेर बघत बसला. त्या १० विजयवाल्या संघात टी. जे. मॅककॉनेल नावाचा एक ठेंगणा पोरगा होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. दर चेंडूमागं अंग टाकायचा. या जूनमध्ये तो इंडियानाकडून अंतिम फेरीत खेळताना दिसला तेव्हा मला ती गाडी आठवली.

एवढं हरून मिळालं काय? एम्बीड मिळाला, २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, माणूस मोठा. पण तो असताना आम्ही एकदाही दुसऱ्या फेरीपुढं गेलो नाही. २०१९ मध्ये टोरोंटोत सातव्या सामन्यात त्यांच्या कवाय लेनर्डचा शेवटच्या क्षणाचा चेंडू कड्यावर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला. सांगत बसलो तर रात्र जाईल.

नियम बदलत नाहीत असं नाही, चाळीस वर्षं बदलताहेत. आधी पहिल्या निवडीसाठी दोन विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक व्हायची. १९८४ ला ह्यूस्टननं ती जिंकून ओलाजुवनला घेतलं, पण ते मुद्दाम हरल्याचा बभ्रा झाला. म्हणून १९८५ ला लॉटरी आली, ढोलात सात लिफाफे. न्यूयॉर्कला पहिला नंबर लागला आणि त्यांचा लिफाफा हाताला कळावा म्हणून आधी फ्रिजमध्ये गार करून ठेवला होता, ही कुजबूज अजून चालते. मग तळाच्या संघाला जास्त संधी देणारी लॉटरी आली. तर १९९३ मध्ये ६६ पैकी एकच संधी असलेल्या ओरलँडोला लागली! लगेच तळाच्याची संधी वाढवून २५ टक्के केली. ती वाढली म्हणून हिंकी जन्मला. २०१९ पासून तळाच्या तिघांना सारखी १४ टक्के.

याचा परिणाम बघ. डेट्रॉइट २०२३ मध्ये तळाला, लॉटरीत पाचवा. २०२४ मध्ये सलग २८ हरून पुन्हा तळाला, पुन्हा पाचवा. आणि डॅलसची गोष्ट तर ऐकच. एप्रिल २०२३ मध्ये पुढं जाण्याची आशा शिल्लक असताना त्यांनी शिकागोविरुद्ध मोठे खेळाडू बसवले, त्यांचा महारथी डॉन्चिच, त्याला पहिल्या क्वार्टरनंतर जवळजवळ काढूनच घेतलं, आणि सामना घालवला. साडेसात लाख डॉलर दंड झाला. पण ड्राफ्टमधला दहावा नंबर हातात राहिला, त्याची अदलाबदल करून डेरेक लाइव्हली हा पोरगा मिळाला, आणि पुढच्याच वर्षी संघ अंतिम फेरीत. दंड कसला, बियाण्याचा खर्च तो! आणि या मे महिन्यात १.८ टक्के संधी असताना लॉटरीही त्यांनाच लागली.

त्यांनी हे का केलं? आणि मी मार्चमध्ये का मूठ आवळली? दोन्हींचं मूळ एकच आहे. संघ आपला भविष्यातला ड्राफ्टचा नंबर दुसऱ्या संघाला गहाण टाकतात, पण वर अट घालतात: 'पहिल्या दहात आला तर आमचाच.' आमचा या वर्षीचा नंबर ओक्लाहोमाकडं गहाण होता, पहिल्या सहात आला तरच सुटणार. म्हणजे सातवा आला की गेला, आणि गेला असता तो या वर्षीच्या विजेत्याच्या घरात. तूच सांग, अशा वेळी जिंकायची इच्छा कुणाला होईल? १२ मेच्या रात्री तिसरा नंबर लागला. मी नाचलो. बायको म्हणाली, "काय जिंकलात?" मला पटकन सांगता येईना.

तर माझं मत. नियम बदलायला हवेतच. पण चिठ्ठ्यांची टक्केवारी किती दिवस खालीवर करणार? आजार एका संघातून काढला की सहा संघांत पसरतो. पहिल्यांदा या गहाणातल्या अटी बंद करा. दिला तर दिला.

दुसरं, इथं बायकांची आइस हॉकीची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पीडब्ल्यूएचएल. तिनं अॅडम गोल्ड या माणसाची युक्ती उचलली आहे. बाद फेरीची आशा संपली त्या क्षणापासून तुमचे गुण नव्यानं मोजायला सुरुवात. उरलेल्या सामन्यांत जो जास्त मिळवेल त्याला ड्राफ्टचा पहिला नंबर. दुबळा संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण कमवायला जास्त सामने मिळतात. पहिल्याच वर्षी तळाच्या न्यूयॉर्कलाच पहिला नंबर मिळाला, पण जिंकून.

तू लगेच म्हणशील, मग आधीच बाद व्हायची घाई करतील. करतील काही जण. पण नंतर जिंकायचं असेल तर चांगली माणसं विकून चालणार नाही ना! खरी अडचण दुसरी आहे: सगळेच जायबंदी असलेला, खरोखर गळाठलेला संघ उपाशी राहील. राहू दे एखादं वर्ष. ओक्लाहोमाही दोन हंगाम मुद्दाम तळाला बसला होता, पण त्यांचा खरा महारथी गिल्जस-अलेक्झांडर अदलाबदलीत आलाय, ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेलेला पोरगा. डेन्व्हरचा महारथी योकिच तर एक्केचाळिसावा. पारखी नजर असेल तर उपाशी मरत नाही कुणी.

ड्राफ्टच काढून टाका म्हणणारेही आहेत. मला ते झेपत नाही. मग सगळी पोरं लॉस एंजेलिसला जातील.

आता ती कबुली. तुझ्या त्या 'कसला न्याय रं'नं मला झोप लागली नाही, कारण मला आपली कॉलेजची कबड्डी स्पर्धा आठवली. गटातला शेवटचा सामना, जिंकलो तर पुढं त्या गतविजेत्यांशी गाठ, हरलो तर सोपा संघ. शेवटच्या चढाईला तू गेलास आणि कुणाला शिवायच्या आधीच बाजूच्या लॉबीत पाय टाकलास, म्हणजे बाद. पंचांनी शिट्टी मारली. आपण सगळ्यांनी चुकचुकल्यासारखं केलं. आणि तुला ते सांगितलं होतं मी, बाकावरून, दोन बोटं हलवून. दुसऱ्या दिवशी त्या 'सोप्या' संघानं आपल्याला लोण देऊन घरी पाठवलं, ते असू दे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये असंच केलं म्हणून बॅडमिंटनच्या आठ मुलींना हाकलून दिलं तेव्हा मी इथं मित्रांसमोर फार तावातावानं बोललो होतो, लाज वाटली पाहिजे वगैरे. तुझा त्या दिवशी फोन आला नव्हता. बरं झालं.

तुझ्या डिसेंबरच्या स्पर्धेचे गट पाडताना एक कर. कोणत्या गटातला पहिला कुणाशी खेळणार ते आधी छापू नकोस. साखळी संपली की सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाक. मंडळी कुरकुर करतील, मंडपवाल्याला वेळापत्रक लागतं म्हणतील. तरी टाक.

परवा लक्ष्मीपूजन आणि त्याच दिवशी इथला नवा हंगाम सुरू. पोराला म्हटलंय, दिवाळीनंतर दोघं एका सामन्याला जाऊ. त्यानं विचारलं, "जिंकायला की हरायला?" तिकिटं काढलीत. वहिनींना गुडघ्यासाठी सुमनचा निरोप आहे, ती वेगळा फोन करेल.

तुझा,
अन्या