अग्निशमन जवानांचे निवृत्तिवेतन नगरपालिकेच्या तिजोरीवर सोडू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेल्या त्या वास्तूबद्दल कोल्हापूरकरांना वाटलेले दुःख खरे होते आणि पुनर्बांधणीसाठी शासनाने निधीही तातडीने जाहीर केला. आग कशी लागली, उपकरणे चालू होती का, जबाबदार कोण, यावर भरपूर चर्चा झाली. मात्र त्या रात्री शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या अंगाला उभे राहून पाण्याचा मारा करणारे जवान कोणत्या सेवाशर्तींवर काम करतात, त्यांना पगार कोणाच्या तिजोरीतून मिळतो आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती काय पडते, याची विचारपूस झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही. तो विषय आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात मी नोकरी केली आणि तेथूनच निवृत्त झालो. सेवापुस्तके तपासणे, निवृत्तिवेतनाची प्रकरणे तयार करणे हे माझे रोजचे काम होते, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते बव्हंशी फायलींतून कळलेले आहे.

अग्निशमन ही सेवा आपल्याकडे राज्याची नाही, स्थानिक संस्थांची आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तिचा समावेश आहे आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार अग्निशमन दल बाळगणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कर्तव्य बंधनकारक ठरवले, पण त्यासाठी लागणारा पैसा मात्र ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे उभा करावा, अशी ही व्यवस्था आहे. जकात होती तोवर पालिकांच्या हातात काही होते. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा करापोटी मिळणाऱ्या नुकसानभरपाईच्या हप्त्यांवर महापालिकांचे पगार अवलंबून राहिले. परिणामी मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेतील जवान आणि एखाद्या लहान नगरपरिषदेतील जवान धुरात एकाच धोक्याला सामोरे जात असले, तरी त्यांचा पगार, पदोन्नती, साधनसामग्री आणि म्हातारपण यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्यातच आस्थापना खर्चाची, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरील खर्चाची, 35 टक्क्यांची मर्यादा आहे. उत्पन्नाच्या इतक्या टक्क्यांपलीकडे आस्थापना खर्च जात असेल तर नवीन पदे भरण्यास शासनाची परवानगी मिळत नाही. पालिकांनी भाईभतीजावादाने वारेमाप भरती करू नये हा या अटीमागचा हेतू योग्यच आहे, आणि लेखा विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाने त्याविरुद्ध बोलणेही बरे दिसत नाही. परंतु ज्या पालिकेचे उत्पन्न कमी तिची 35 टक्क्यांची रेषा लवकर ओलांडली जाते, आणि मग लिपिकाचे पद रिक्त ठेवावे तसेच फायरमनचेही पद रिक्त राहते. लिपिकाचे पद रिक्त राहिले तर दाखला चार दिवस उशिरा मिळतो. बंबावर चालक, लीडिंग फायरमन आणि निदान चार फायरमन असायला हवेत, तिथे आमच्या नगरपरिषदेत कित्येक पाळ्यांना चालक आणि दोनच माणसे असत. त्यांपैकी एकाने पंप सांभाळायचा आणि उरलेल्या एकाने होज पाईप धरायचा म्हटले, तर आत अडकलेल्या माणसापर्यंत जायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुख्याधिकाऱ्यांजवळ नव्हते आणि माझ्याजवळ तर नव्हतेच. अशा रिक्त जागा मग ठोक मानधनावर, रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत भरल्या जातात, आणि निवृत्तिवेतनाचे दुखणे सुरू होते ते तिथूनच.

एका जवानाचे प्रकरण मी स्वतः हाताळले. तो विशीत असताना रोजंदारीवर लागला आणि बारा वर्षांनी कायम झाला. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर नियुक्तीचा दिनांक होता तो कायम झाल्याचा, त्याआधीच्या बारा वर्षांचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. ती वर्षे सिद्ध करायची तर त्या काळचे हजेरीपट हवेत, म्हणून अभिलेख कक्षात शोध घेतला. काही वर्षांचे हजेरीपट वाळवीने खाल्ले होते, काही 2019 च्या पुरात भिजून त्यांचा लगदा झाला होता, आणि जे हाती लागले त्यांवर निम्म्या महिन्यांत नावापुढे केवळ अंगठ्याएवढी निळी शाई पसरलेली होती. अखेर ती सेवा हिशेबात धरता आली नाही. हा माणूस त्याच पुरात रात्रंदिवस बोटीवर होता, हे त्याच्या सेवापुस्तकात नोंदलेले मला आढळले नाही. उलट त्या दिवसांची बदली रजा मागणारा त्याचा अर्ज ‘कार्यालयीन निकड’ असा शेरा मारून दप्तरी दाखल केलेला होता.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांची कहाणी निराळी. त्यांना 1982 च्या नियमांचे, म्हणजे जुन्या योजनेचे, निवृत्तिवेतन लागू नाही. अंशदान कापून ते गुंतवायचे आणि शेवटी जे साचेल त्यावर गुजराण करायची, अशी ही योजना. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा नियोक्ता निदान शासन असतो. नगरपरिषदेत अंशदान कापले जाते दर महिन्याला, परंतु पालिकेने आपला हिस्सा घालून ते वेळेवर जमा करणे हे तिजोरीत काय आहे त्यावर ठरते. आमच्याकडे काहींचे प्रान क्रमांकच (निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्याचे कायम क्रमांक) वर्षानुवर्षे निघाले नव्हते, कपात झालेली रक्कम पालिकेच्या खात्यात पडून होती आणि त्यावर जो परतावा मिळायला हवा होता तो कायमचा बुडाला. अशी पत्रे आम्ही वर पाठवत होतो. वरून माहिती मागवली जाई, आम्ही ती देत असू, पुन्हा तीच माहिती नव्या नमुन्यात मागवली जाई.

आता एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली आहे. केंद्राने ती 24 ऑगस्ट 2024 रोजी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत 25 वर्षांची सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, दहा वर्षे झालेल्यास किमान 10 हजार रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबास त्या निवृत्तिवेतनाच्या 60 टक्के, अशी हमी आहे. योजना चांगली आहे. पण ज्या फायरमनची उमेदीची वर्षे हजेरीपटावर गेली आणि जो चाळिशीच्या आसपास कायम झाला, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होताना 25 वर्षे कोठून दाखवणार? शिवाय या योजनेत नियोक्त्याचा वाटा साडेअठरा टक्क्यांवर जातो. जी पालिका पूर्वीचा वाटा वेळेवर भरत नव्हती, तिने हा भरावा असे म्हणणे म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे विसरण्यासारखे आहे.

मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आपण ऐकली. सर्वच सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी योजना लागू करावी, या मताचा मी नाही; वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा केवढा भाग जातो हे अर्थसंकल्प उघडून पाहणाऱ्या कोणालाही कळते. परंतु अग्निशमन दलाचा जवान हा टेबलावर काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या रांगेत उभा करण्याचा माणूस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाला निश्चितपणे कर्ककारक ठरलेल्या गटात घातले. प्लास्टिक, फोम, रंग, रसायने यांचा धूर पूर्वीच्या लाकूड-गवताच्या आगीच्या धुरासारखा नसतो. आपल्या परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा औद्योगिक वसाहती आहेत, तेव्हा हा धूर कोल्हापूरच्या जवानालाही चुकलेला नाही. असे असताना कोणत्या वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर निघालेल्या कोणत्या फेरीत, कोण, किती वेळ, कसल्या धुरात होता आणि श्वसन संच लावून होता की तोंडाला ओला रुमाल बांधून, याची माणसागणिक नोंद ठेवलेली मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिली नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मूत्राशयाचा कर्करोग झाला तर त्या आजाराचा नोकरीशी संबंध जोडायला कागदच नसतो.

कामाचे स्वरूपही वाढतच गेले आहे. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की बोटी घेऊन हेच लोक निघतात, नवरात्रात अंबाबाईच्या मंदिर परिसरात बंदोबस्ताला हेच, विसर्जनाला इराणी खणीवर हेच, रंकाळ्यात कोणी बुडाले तर शोधायला हेच, आणि पतंगाच्या मांजात अडकलेली घार सोडवायलाही हेच. 1972 पासून शहराची हद्दवाढ झालेली नाही, पण हद्दीबाहेरच्या गावात आग लागली तर फोन महापालिकेच्याच दलाला जातो, आणि बंबाने नाही म्हणून चालत नाही. म्हणजे ही सेवा व्यवहारात जिल्ह्याची आहे, खर्च मात्र शहराच्या घरफाळ्यावर.

पैसा अजिबात नाही असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने जुलै 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी 5 हजार कोटींची योजना आणली. त्यात नवीन केंद्रे, आधुनिक उपकरणे, प्रशिक्षण केंद्रे, ऑनलाइन यंत्रणा हे सर्व आहे आणि ते हवेच आहे. मात्र त्या यादीत जवानाचा पगार नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. नवा बंब दारात उभा राहतो, त्याची पूजा होते, छायाचित्र छापून येते, आणि तो चालवणारा ठेकेदाराचा माणूस असतो.

म्हणून माझी सूचना अशी की, राज्यातील सर्व स्थानिक संस्थांच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे दायित्व राज्य शासनाने एका स्वतंत्र निधीत घ्यावे आणि पालिकांचा वाटा त्यांना देय असलेल्या अनुदानातून परस्पर वळता करून घ्यावा, जेणेकरून तो भरायचा की नाही हा प्रश्नच उरणार नाही. अग्निशमनाची मंजूर पदे 35 टक्क्यांच्या मोजमापातून वगळावीत. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार बांधकामांवर जे अग्निशमन सेवा शुल्क आकारले जाते, त्याचा जमा-खर्च महापालिकेच्या अर्थसंकल्पात नागरिकांना वाचता येईल अशा वेगळ्या शीर्षाखाली छापावा. उंच इमारतींनी दिलेला पैसा गटारीच्या कामाला गेला की होज पाईपला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रोजंदारीची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरावीत, आणि हजेरीपट नसतील तर वर्दी पुस्तकातील नोंद पुरावा मानावी, कारण प्रत्येक वर्दीवर कोण गेले होते त्यांची नावे त्यात लिहिलेली असतात.

वयाबाबतही एक व्यवहार्य मार्ग आहे. पंचावन्नाव्या वर्षी शिडीवरून पाचव्या मजल्यावर चढण्याची अपेक्षा कोणाकडूनही करू नये. याच अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. ती प्रमाणपत्रे खरी आहेत का हे जाऊन पाहायला पालिकांकडे माणसे नसतात. आयुष्यभर आगी विझवलेल्या पन्नाशीपुढच्या जवानांना हे तपासणीचे काम द्यावे. महाद्वार रोडवरचे एखादे दुकान आत कसे पेटेल हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात बळी गेलेल्या 66 अग्निशमन कर्मचाऱ्यांना आपण मानवंदना देतो. यंदा तो कार्यक्रम झाल्यावर महापालिका प्रशासनाने दलातील मंजूर पदे, भरलेली पदे, ठेक्यावरची माणसे आणि निवृत्तिवेतन अंशदानाची थकबाकी हे चार आकडे जाहीर करावेत, आणि जिल्ह्यातील आमदारांनी तेच आकडे सर्व नगरपालिकांबाबत विधिमंडळात मागावेत, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखापाल
कोल्हापूर