वंशावळीच्या त्या कागदासाठी आभार

ती. काकांस,
सा. नमस्कार.

दिवाळीआधी लॅपटॉप घेऊन शहापूरला तुमच्याकडे आलो, तेव्हा घाईत आभार मानायचे राहिले. ते आज सगळ्यांसमोर मानतो.

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही पंप जुळवतो. पंपात असेंब्ली (जुळवलेल्या भागांचा संच), तिच्यात आणखी एक, तिच्यात बोल्ट, ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या कड्या). आमच्या डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, एक ओळ म्हणजे एक नातं: वरचा भाग, आतला भाग, किती नग. मी तेच टेबल स्वतःलाच चार वेळा जॉइन करून (जोडून) यादी काढायचो. नव्या पंपात पाचवी पायरी आली आणि तिथले भाग यादीत दिसेनातच.

तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाही. कागदावर तुमच्या घराण्याची वंशावळ काढलीत. "मूळ पुरुष ही पहिली ओळ. मग एकच प्रश्न: आत्ता सापडलेल्यांची पोरं कोण? जी सापडली, त्यांना पुन्हा तोच प्रश्न. नवीन कुणी मिळेना की थांबायचं." एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतलं विथ रिकर्सिव्ह म्हणजे एवढंच, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्या भाषेच्या मानकात ते 1999 पासून आहे. आमच्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या 5.7 आवृत्तीत नव्हतं, 8.0 मध्ये आलं. सर्व्हर बदलायला मालकांना तुम्हीच फोनवर राजी केलंत.

खरं ऋण मात्र पुढचं आहे. आधीच्या आणि नव्याने सापडलेल्या ओळी एकत्र करायला मी युनियन लिहिलं होतं. एका पंपात दोन उप-असेंब्ली, दोन्हींत त्याच ओ-रिंगचे चार-चार नग. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या, म्हणून युनियनने एक गाळली आणि 8 च्या जागी 4 उरले. 50 पंपांना 400 लागणार होत्या, मी 200 मागवणार होतो. "चुलत भावांची नावं सारखी असली म्हणून एकाला वंशावळीतून काढतोस का?" असं म्हणून तुम्ही सगळ्या ओळी ठेवणारं युनियन ऑल लिहायला लावलंत. नग प्रत्येक पायरीला गुणत न्यायचे आणि बेरीज शेवटी करायची, हेही तेव्हाच समजलं.

हौसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आत बेअरिंग आणि बेअरिंगच्या आत पुन्हा हौसिंग, ही चुकीची नोंदही तुम्हीच पकडलीत. मायएसक्यूएल अशा चक्रात हजार फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबतं. आता वाटेतल्या भागांची साखळी सोबत ठेवतो, तोच भाग पुन्हा आला की पुढे जात नाही.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. स्टोअरला नवीन मुलगी आलीय, तिला मी हे शिकवतोय. तुमच्या घरातल्यांची नावं आहेत त्यावर, म्हणून विचारतो: तिला दाखवला तर चालेल ना?

आपला,
वर्कशॉपमधला पुतण्या