लाइमहाउसचे ॲटली : मित्रास पत्र

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांना ब्रिटिश मतदारांनी १९४५ मध्ये घरी बसवले आणि मजूर पक्षाच्या क्लेमंट ॲटली यांच्यासारख्या अबोल माणसाच्या हाती देश सोपवला, याचे तुला अजून नवल वाटते, असे तू लिहिले आहेस. त्याचे उत्तर मला लंडनच्या लाइमहाउस भागात सापडते.

पटनीतील सुखवस्तू वकिलाच्या घरी १८८३ मध्ये जन्मलेले ॲटली ऑक्सफर्डला शिकून स्वतःही बॅरिस्टर झाले. १९०५ मध्ये, आपल्या जुन्या शाळेच्या मदतीने लाइमहाउसमधील गोदी कामगारांच्या वस्तीत चालणारा मुलांचा क्लब पाहायला ते गेले आणि पुढे तिथेच राहू लागले. त्यांच्या चरित्रांत एक आठवण येते. रस्त्यात भेटलेल्या एका अनवाणी मुलीला त्यांनी आपण चहासाठी घरी चाललो असल्याचे सांगितले, तेव्हा ती म्हणाली की आपणही घरीच चाललो आहोत, पण चहा आहे की नाही ते पाहायला. ५ जुलै १९४८ रोजी ॲटली यांचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली आणि डॉक्टर, इस्पितळ, चष्मा, कवळी हे सारे गरिबाला पैसे न मोजता मिळू लागले, तेव्हा मला त्या मुलीचीच आठवण होते.

पहिल्या महायुद्धातही ॲटली मागे राहिले नाहीत. इराकमधील ज्या कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, तो फोडण्याच्या मोहिमेत ते १९१६ मध्ये जखमी झाले.

आपल्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न हिंदुस्थानचा आहे. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरलेल्या आणि हरताळ व काळे झेंडे यांनी स्वागत झालेल्या सायमन आयोगात हेच ॲटली होते, हे आपण बहुधा विसरतो. ज्या आयोगात एकही भारतीय नव्हता, त्याचा सदस्य १९ वर्षांनी, २० फेब्रुवारी १९४७ रोजी, जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची घोषणा पार्लमेंटात करतो, हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मुंबईतील नौसैनिकांचे बंड, रिकामी झालेली ब्रिटिश तिजोरी आणि येथील लोकांचा दीर्घ लढा यांनी त्यांना भाग पाडले, हे खरेच. पण तशाच परिस्थितीत चर्चिल यांनी काय केले असते, याचा विचार करून पाहा. माउंटबॅटन यांनी मुदत ऑगस्टवर आणली आणि रॅडक्लिफ यांना सीमा आखायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्या घाईला संमती ॲटली यांच्याच मंत्रिमंडळाची होती. फाळणीतील रक्तपाताच्या जबाबदारीतून मी त्यांना मोकळे करू शकत नाही, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या जागी नेहमी अडखळतो.

१९५१ मध्ये, कोरियाच्या युद्धाचा खर्च वाढत असताना, त्यांच्याच सरकारने चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क लावले व बेव्हन यांनी राजीनामा दिला. तीही मोठी चूक होती. तरीही त्या वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाला चर्चिल यांच्या हुजूर पक्षाहून अधिक मते मिळाली. जागा कमी पडल्या आणि सत्ता गेली.

तुझा,
श्रीधर