बाबा, त्या जहाजावर माणसं अशी राहायची

प्रॉव्हिडन्स

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी पाठवलेले जहाजाचे फोटो बघून तुम्ही फोनवर एकामागून एक विचारत होतात: माणसं किती, झोपायची कुठे, खायची काय, पगाराचं काय. तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि एवढं सगळं ओरडून सांगणं मला बरं वाटेना. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. आई, दिवाबत्ती झाली की वाचून दाखव.

जहाजाचं नाव चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन. देवमासे मारायला १८४१ साली अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला बांधलं. ८० वर्षांत ३७ सफरी केल्या, शेवटची संपली १९२१ मध्ये. १९४१ पासून ते कनेक्टिकटमधल्या मिस्टिकच्या बंदरात म्युझियमचं जहाज म्हणून उभं आहे. त्या काळच्या अमेरिकन लाकडी शिकारी जहाजांपैकी हे एवढंच उरलंय. लांबी फक्त ११३ फूट. तुम्ही ज्या टँकरवर होतात त्याच्या डेकवर अशी कितीतरी मावतील. त्यात तीस-पस्तीस माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं राहायची.

झोपायची जागा मी खाली उतरून पाहिली. साध्या खलाशांची खोली अगदी नाळेकडे, जिथे जहाज निमुळतं होतं आणि लाटेचा दणका सगळ्यात आधी बसतो. एकावर एक बंक, वीसेक माणसं, प्रत्येकाची एक पेटी. तीच पेटी कपाट आणि तीच बसायची खुर्ची. उजेड वरच्या दारातून येईल तेवढाच, नाहीतर तेलाचा मिणमिणता दिवा. कप्तान आणि मेट, म्हणजे त्याच्या हाताखालचे अधिकारी, मागे, पिछाडीकडे. तिथे जरा ऐसपैस. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, मारणारे मधल्या खोलीत. कोण कुठे झोपतो यावरून त्याची पायरी कळायची. तुमच्याकडे ऑफिसरांचं मेस वेगळं आणि क्रूचं वेगळं, तसंच, बाबा.

खाणं म्हणाल तर खारवलेलं गोमांस, खारवलेलं डुकराचं मांस, बीन्स आणि दगडासारखी कडक बिस्किटं. बिस्किटात किडे व्हायचे. ती गरम कॉफीत बुडवायची, किडे वर तरंगले की काढून टाकायचे आणि मग खायची. साखर महाग म्हणून कॉफीत काकवीसारखी मळी. रविवारी पिठाचा एक उकडलेला गोळा, तो पक्वान्न. गालापागोस बेटांवर थांबले की तिथली प्रचंड कासवं उचलून जहाजात भरायचे. ती महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय जगायची, म्हणून ताज्या मांसाचा तो चालता-बोलता साठा. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं. पण ओल्या भाजीचं तोंड महिनोन्‌महिने न पाहिलेल्या, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? तेलाच्या पिंपांची ठरावीक संख्या भरली की काही जहाजांवर उकळत्या देवमाशाच्या तेलात डोनट तळून वाटायचे.

तुमची चार तास ड्यूटी आणि आठ तास आराम असायचा. यांची पाळी चार तास काम, चार तास विश्रांती. त्यातच डोलकाठीवर चढून पहारा. जवळजवळ शंभर फूट उंच, कमरेभोवती नुसती एक लोखंडी कडी, आणि दोन-दोन तास नजर पाण्यावर. देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला की वरून आरोळी. पण आठवडेच्या आठवडे फवारा दिसायचाच नाही.

दिसला की होड्या खाली. एका होडीत सहा जण: चार वल्ही मारणारे, पुढे हार्पूनवाला, मागे सुकाणूवर मेट. वल्हवणाऱ्यांची पाठ देवमाशाकडे. आपण कशाच्या किती जवळ आलो हे त्यांना दिसायचंच नाही, ऐकू यायचं तेवढंच. हार्पूनने देवमासा मरत नाही, तो फक्त दोराला अडकतो. मग तो होडी ओढत सुटतो किंवा खोल बुडी मारतो. टबात गुंडाळलेला दोर इतक्या वेगाने सुटायचा की ज्या खुंटाला त्याचा वेढा असे तिथून धूर निघायचा, सतत पाणी ओतावं लागे. त्या दोरात कुणाचा हात किंवा पाय अडकला तर माणूस गेलाच. देवमासा थकला की हार्पूनवाला मागे सुकाणूवर आणि मेट पुढे यायचा. हलत्या होडीत माणसांनी अशी जागा बदलायची! मग मेट लांब भाला फुप्फुसात खुपसायचा. फवाऱ्यात रक्त आलं की समजायचं, संपलं. मला हे लिहितानाही जड जातंय. २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, तेव्हा लोक त्याला परत पाण्यात ढकलायला केवढे धडपडले होते, ते तुम्ही सांगितलेलं आठवलं.

आणि खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. मेलेला देवमासा वल्हवत जहाजाशी आणायचा, कधी कधी मैलोन्‌मैल. तो बाजूला साखळदंडाने बांधायचा आणि चरबीचे लांबलचक पट्टे सोलून वर ओढायचे. खाली पाण्यात शार्क लचके तोडत असायचे. डेकवर विटांची भट्टी आणि त्यात दोन मोठ्या लोखंडी कढया. लाकडी जहाजावर, बाबा, भर समुद्रात उघडी आग! भट्टीखाली पाण्याचा हौद ठेवायचे, डेक पेटू नये म्हणून. जळण म्हणून तेल निघाल्यावर उरलेली चरबीची खरपूस साल, म्हणजे देवमासा स्वतःच्याच चरबीवर कढायचा. रात्रंदिवस हे चालायचं. काळा धूर, तेलाने निसरडा डेक, अंगाला, कपड्यांना, केसांना तोच वास. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातलं मेण बादल्यांनी उपसायचे, त्याच्या उत्तम मेणबत्त्या व्हायच्या. तेलावर दिवे जळायचे आणि गिरण्यांची चाकं फिरायची. काम संपलं की त्याच भट्टीच्या राखेने डेक घासून लख्ख करायचा. तुम्ही इंजिन रूममधून वर आल्यावर हाताचं ग्रीस जाता जात नाही म्हणायचात, ते इथे उभी असताना माझ्या डोक्यात होतं.

पगार नव्हताच. होता तो वाटा. कप्तानाला साधारण बारावा-पंधरावा हिस्सा, नवख्या पोराला दोनशेवा. मॉर्गनची पहिली सफर तीन वर्षं चार महिने चालली आणि माल सुमारे ५६,००० डॉलरचा आला. दोनशेवा वाटा धरला तर २८० डॉलर, म्हणजे महिन्याला सात. त्यातून जहाजावरच्या पेटीतून उधार घेतलेले कपडे, तंबाखू, चाकू सगळं वजा. काही जणांच्या हाती घरी पोचल्यावर जवळपास काहीच राहायचं नाही. ते कळल्यावर वाटेतल्या बेटावर पळून जाणारेही पुष्कळ. त्यांच्या जागी अझोर्सचे, केप व्हर्डीचे, पॅसिफिकच्या बेटांवरचे लोक भरती व्हायचे. इथल्या मूळच्या वाम्पानोआग जमातीचे आणि आफ्रिकी वंशाचेही होते. समुद्रावर लुईस टेम्पल नावाच्या माणसाचा हार्पून सगळ्यात भरवशाचा ठरला. तो न्यू बेडफर्डचा कृष्णवर्णीय लोहार. देवमाशाच्या अंगात शिरल्यावर आडवं फिरून पक्कं बसणारं टोक त्याने १८४८ च्या सुमारास घडवलं. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांनीच पैसा केला. आज त्याचा पुतळा तिथल्या ग्रंथालयासमोर आहे. तो पाहून मला समाधान वाटलं.

आई, आता तुझ्यासाठी. रिकाम्या वेळात हे लोक देवमाशाच्या दातांवर सुईने चित्रं कोरायचे आणि रेघांत काजळी भरायचे. त्याच दातांपासून आणि हाडांपासून घरच्या बाईसाठी वस्तूही करायचे. म्युझियममध्ये एका कपाटात पिठाच्या पाऱ्या कापायची नक्षीदार चाकं मांडली आहेत. हुबेहूब तुझं करंजीचं कातण! त्यांच्या बायका त्याने ॲपल पायसारख्या पदार्थाच्या कडा कापायच्या. तिथून माझा पाय निघेना.

काही कप्तानांच्या बायका जहाजावर बरोबरही असायच्या. मॉर्गनवरच्या कप्तान अर्लची बायको ऑनर तर गणित मांडून जहाज कुठे आहे हे काढायची, तिला तसं कामावरच घेतलं होतं. पण साध्या खलाशांच्या बायका घरीच. तुला दर महिन्याला बाबांची अलॉटमेंट, म्हणजे पगारातली घरची रक्कम, यायची, उशीर झाला तर तू कंपनीच्या ऑफिसात विचारून यायचीस. त्यांच्याकडे जहाज परत येईपर्यंत हातात काही नाही, वाण्याकडे उधारी. पत्र पाठवायचं तर त्या समुद्राकडे निघालेल्या दुसऱ्या जहाजावर द्यायचं. गालापागोसच्या एका बेटावर नुसतं एक पिंप ठेवलेलं असे. त्यात पत्रं टाकायची आणि घराकडे परतणाऱ्या जहाजाने ती उचलायची. पत्र पोचेपर्यंत लिहिणारा जिवंत असेल याची खात्री नाही. न्यू बेडफर्डच्या खलाशांच्या चर्चमध्ये भिंतीभर संगमरवरी फरशा आहेत, ज्यांना जमिनीत थडगं मिळालं नाही त्यांच्या नावाच्या. नाव, वय, कुठल्या समुद्रात गेला. मी तिथे बसले तेव्हा मला फक्त तू दिसत होतीस, बंदरावरच्या लोकांना ‘बोटीची काही खबर?’ विचारणारी.

मग समोरच्या म्युझियममध्ये लॉगबुकं पाहिली. तिथे अशी दोन हजारांहून जास्त आहेत. मेट रोज लिहायचा: वारा कुठून, शिडं किती, अक्षांश-रेखांश. देवमासा मिळाला की पानावर काळ्या देवमाशाचा शिक्का, मधल्या कोऱ्या जागेत किती पिंपं तेल निघालं तो आकडा. निसटला तर नुसत्या शेपटीचा शिक्का. हवामानाचे अभ्यासक आज त्याच नोंदींवरून तेव्हाचे वारे शोधतात, इतक्या त्या काटेकोर. पण माणूस मेला तर दोन ओळी. कोण रडलं, कोण कुणाला गाणं शिकवत होतं, यातलं लॉगमध्ये काही नाही. ते कळतं काही मोजक्या खलाशांनी स्वतःसाठी लिहिलेल्या वह्यांमुळे. त्या नसत्या तर वरचं निम्मं मी तुम्हाला सांगूच शकले नसते.

बाबा, तुमच्या सीडीसीमध्ये, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तिकेत, जहाजांची नावं, साइन ऑन-साइन ऑफच्या तारखा आणि शिक्के आहेत. तुमची बोटीवरची सगळी वर्षं त्या एका पुस्तिकेत आहेत आणि तुमचा एकही दिवस त्यात नाही. दादाबरोबर दोन जाड वह्या पाठवते आहे. एकीत तुम्ही लिहा. थोरांचं लिहिल्यासारखं नको. इंजिन रूममध्ये उकाडा किती असायचा, भंडारी कुठला होता, त्याच्या हातची मासळी कशी लागायची, वादळात कोण घाबरायचं, पहिल्या सफरीत तुम्हाला घरची आठवण कधी यायची. हात थरथरतो म्हणून थांबू नका, चार ओळी लिहिल्यात तरी चालेल. नाहीतर तुम्ही सांगा आणि आईने लिहावं.

दुसरी वही आईची. आई, ‘माझं काय लिहायचं’ म्हणू नकोस. अलॉटमेंट आली नाही तो महिना कसा काढलास, माझ्या जन्माची तार बाबांना कुठल्या बंदरात मिळाली, शेजारच्यांकडे ट्रंक कॉलसाठी किती वेळ बसून राहायचीस, हे मला तुझ्या अक्षरात हवंय. दिवाळीत येईन तेव्हा दोन्ही वाचेन आणि जे सुटलं असेल ते तिथेच बसून विचारून घेईन.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा. आई, रात्रीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
धाकटी