अर्ध्या मिलिमीटरचे पितळ

न्यूकॅसल,
दि. १४ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मी हाताने बनवत असलेल्या रोमन ढालीची छायाचित्रे पाहून तू दोनच प्रश्न विचारलेस, पण तांबटाच्या घरात वाढलेला माणूसच ते विचारू शकतो. ढालीच्या कडेचा पत्रा इतका पातळ का, आणि मधला पितळी घुमट मी मोडीत का काढला? फोनवर उत्तर दिले असते तर ते अर्धवट राहिले असते, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाय तुझ्याकडून एक मदतही हवी आहे.

आधी घुमटाविषयी. लॅटिनमध्ये त्याला उम्बो म्हणतात. रोमन सैनिकाची मोठी ढाल अर्ध्या नळीसारखी बाक दिलेली असे. तिच्या मधोमध भोक पाडून मागे आडवी मूठ बसवलेली असे, आणि मूठ धरलेल्या हाताची बोटे त्या भोकातून किंचित पुढे येत. त्या बोटांवर घालायचे टोपण म्हणजे उम्बो. समोरच्याला ढकलण्यासाठीही त्याचा उपयोग होत असे. घुमटाभोवतीचा सपाट भाग खिळ्यांनी लाकडावर ठोकलेला असतो, आणि ढालीला बाक असल्यामुळे त्या भागालाही तसाच बाक द्यावा लागतो. बाजारात तयार मिळणारी एक प्रत मी प्रथम विकत घेतली होती. ती जाड पोलादाची, यंत्रात दाबलेली आणि तळाशी अगदी सपाट होती. ढालीवर ठेवली की दोन बाजूंना बोट जाईल एवढी फट राहत असे. तेव्हाच ठरवले की हे काम हातानेच करायचे.

नमुना म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जो उम्बो होता तो इथल्याच टाइन नदीत, साउथ शील्ड्सजवळ १८६७ साली सापडला आणि आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या काचेसमोर मी कितीतरी वेळ उभा राहिलो. मध्यभागी गरुड, चार कोपऱ्यांत चार ऋतूंच्या आकृत्या, युद्धदेव मार्स, लष्करी ध्वज आणि आठव्या ऑगस्टा लिजनचे, म्हणजे रोमन सैन्यातल्या एका मोठ्या पलटणीचे, चिन्ह असलेला बैल, असे सारे त्या पत्र्यावर कोरलेले आहे. परंतु मला सर्वांत जवळची वाटली ती कडेला बारीक ठिपक्यांनी ठोकलेली एक ओळ. ज्युलिअस मॅग्नसच्या तुकडीतला ज्युनिअस ड्युबिटाटस, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात ना, अगदी तसेच ठिपके आहेत. इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो की डेशियाच्या, म्हणजे आजच्या रोमेनियाच्या भागातल्या, मोहिमेत ज्युलिअनस या सेनापतीने सैनिकांना ढालींवर स्वतःचे व आपल्या सेंच्युरियनचे, म्हणजे तुकडीच्या नायकाचे, नाव लिहायला लावले होते, कोण कसा लढला हे ओळखू यावे म्हणून. डिओची ती हकिगत वाचून जे समजते ते या ठिपक्यांत प्रत्यक्ष दिसते.

तरीही त्या उम्बोची हुबेहूब प्रत करायची नाही, या निर्णयाला मी पोहोचलो. आमचा गट प्रेक्षकांसमोर रोमन सैनिकांच्या वेशात उभा राहतो आणि सहाव्या लिजनची भूमिका करतो. ही लिजन सम्राट हेड्रियनच्या काळात ब्रिटनमध्ये आली आणि यॉर्कला राहिली. तिच्या सैनिकाने आठव्या लिजनचा बैल छातीपुढे मिरवणे मला पटत नाही. त्याहून मोठे कारण असे की टाइनचा उम्बो असामान्य आहे, आणि एखादी असामान्य वस्तू शंभर जणांनी नकलली की पाहणाऱ्याला तीच सर्वसाधारण वाटू लागते. म्हणून माझा उम्बो साधा राहील. आकार चौकोनी, घुमटाभोवती कोरलेली एक रेषा, आणि कडेला ठिपक्यांत दोन नावे, आधी आमच्या सेंच्युरियनचे, मग गटात मी ज्या नावाने वावरतो ते.

आता पत्रा. कडेच्या पितळी पट्ट्यांचे तुकडे रोमन छावण्यांच्या उत्खननांत पुष्कळ सापडले आहेत. पन्हळीसारख्या दुमडलेल्या पातळ पत्र्याला ठरावीक अंतरावर अर्धगोल कान ठेवलेले असतात, आणि कानांतून आरपार खिळा जातो. पन्हळीच्या आतल्या रुंदीवरून फळीची कड किती जाड होती हे कळते, म्हणजे लाकूड कुजून गेले तरी त्याचे माप पितळेने सांभाळून ठेवलेले असते. हे मला या साऱ्या कामातले सर्वांत सुंदर कोडे वाटते.

पहिल्या ढालीला मी एक मिलिमीटरचा पत्रा वापरला, कारण जाड म्हणजे टिकाऊ अशी माझी समजूत होती. सरळ बाजूंवर तो कसाबसा बसला. कोपऱ्यावर मात्र दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या, त्या सपाट करण्यासाठी ठोकत राहिलो तसे पितळ कडक होत गेले, आणि शेवटी कान तुटून खालचे लाकूडही चिरले. दुसऱ्यांदा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा घेतला, हाताच्या लांबीचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा मध्ये मध्ये तापवून मऊ केला. तो लाकडाला असा बिलगला की जणू तिथेच वाढला होता. मग माझ्या ध्यानात आले की ही पट्टी म्हणजे चिलखत नव्हे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने वर्णन केलेल्या जुन्या ढालींना वरखाली लोखंडी कड होती, वरची तलवारीच्या घावासाठी आणि खालची जमिनीवर टेकवण्यासाठी. पातळ पितळेचे मुख्य काम, माझ्या मते, चिकटवलेल्या फळ्यांचे थर कडेला सुटू न देणे हे असावे. पट्टी चेपली तर तेवढाच तुकडा काढून नवा ठोकायचा.

थरांचे म्हणशील, तर ते मी सीरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे मिळालेल्या ढालीवरून घेतले. येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांच्या १९२८ ते १९३७ या काळातल्या उत्खननात ती सापडली. प्लेन, म्हणजे चिनाराच्या जातीच्या, वृक्षाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवलेले आहेत आणि जाडी जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर आहे. अडचण अशी की ते शहर इ.स. २५६च्या सुमारास पडले, म्हणजे ती ढाल टाइनच्या उम्बोहून बरीच नंतरची, तिचा स्वतःचा उम्बो हरवलेला, आणि तिथल्या ढालींच्या कडा पितळेच्या नसून शिवलेल्या कच्च्या चामड्याच्या. तेव्हा मी लाकूड एका शतकाचे आणि पितळ दुसऱ्या शतकाचे जोडले आहे. प्रेक्षकांना ढाल दाखवताना हे मी दर वेळी सांगतो. ते लपवले तर आमच्या कामाला अर्थच उरणार नाही. इजिप्तमधल्या फायूमची जुनी ढाल १२८ सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्या प्रतिकृती सुमारे दहा किलो भरतात. माझी ढाल उम्बोशिवाय पाच किलोंच्या आत आहे आणि ती दिवसभर धरता येते.

एक धडा पावसाने दिला. थर मी सरसाने चिकटवले होते, आणि इथल्या पावसात तासभर उघडी राहिलेली ढाल दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात फुगली आणि कडेचे तीन खिळे सैल झाले. सीझरने साबिस नदीकाठच्या लढाईविषयी लिहिले आहे की शत्रू इतक्या अचानक चालून आला की ढालींवरची आवरणे काढायलाही सैनिकांना सवड मिळाली नाही. ते वाक्य मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण चामड्याच्या त्या आवरणाची गरज मला त्या फुगलेल्या कोपऱ्याने समजावली.

आता मोडीत काढलेल्या उम्बोची गोष्ट. पत्रा मी मुद्दाम ८० भाग तांबे आणि २० भाग जस्त असा मिळवला. रोमन लोकांजवळ वेगळे काढलेले जस्त नव्हते. ते तांबे आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत एकत्र तापवत, त्यामुळे त्यांच्या पितळेत जस्त साधारण अठ्ठावीस टक्क्यांपलीकडे जात नसे आणि रंग आपल्या घरच्या पितळी डब्यांपेक्षा तांबूस, सोन्याकडे झुकणारा येई. तो रंग पाहून मी हरखून गेलो आणि घाई केली. लाकडी खळग्यात पत्रा ठेवून मधोमध ठोकत गेलो, घुमट खोल होत गेला, आणि माथ्यावर पितळ कागदासारखे पातळ होऊन बारीक चीर गेली. त्या क्षणी मला तांबट आळीतली तुमची ओसरी आठवली. घंगाळ घडवताना अण्णा मध्यावर कधीच ठोकत नसत. ते कडेकडून, फेऱ्याफेऱ्याने, धातू आत गोळा करत येत. लहानपणी तो ठोक्यांचा ताल मी इतका ऐकला, पण त्यात हात कसा चालतो ते पाहून ठेवले नाही, याचे आज फार वाईट वाटते.

म्हणून तुला ही विनंती. याच पितळेच्या दोन चकत्या, प्रत्येकी एक मिलिमीटर जाड, सोबत पाठवत आहे. त्यांतल्या एका चकतीचा वीतभर रुंदीचा घुमट तू घडव, मात्र पूर्ण करू नकोस आणि मठारूही नकोस. ठोक्यांच्या खुणा जशा पडतील तशाच ठेव, म्हणजे फेरी कुठून सुरू झाली, हातोडा कोणत्या दिशेने सरकला आणि कितव्या फेरीनंतर तू पितळ तापवलेस हे मला वाचता येईल. दुसरी चकती अण्णांना दाखव. या पितळेत जस्त कमी असल्याने हात हलका ठेवायचा की जड, एवढे त्यांना विचारून कळव. एप्रिलच्या अखेरीस आमचा पहिला मैदानी कार्यक्रम आहे, तोवर ढालीच्या मधले भोक मी कापडाने झाकून ठेवतो.

अण्णांना व काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
भिंतीपलीकडचा शेजारी