टीव्ही काढला आणि घरात जागा झाली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मालिकांच्या गॉसिपला तुमच्या पेपरात रोज जागा असते, टीव्ही बंद केल्यावर काय मिळतं यालाही एकदा द्या. आम्ही दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही भिंतीवरून उतरवला तो परत लावलाच नाही, केबलवाल्याला पण सांगून टाकलं की भाऊ आता पैशाला येऊ नकोस. सगळे विचारतात वेळ वाचतो का, डोळ्यांना बरं वाटतं का. वाचतो, वाटतं. पण मुंबईकराला मी वेगळंच सांगेन, घरात जागा होते!

आमचं विक्रोळीला कन्नमवार नगरात वन रूम किचन, माणसं पाच. अशा घरात टीव्ही हॉलमध्ये नसतो, टीव्ही म्हणजेच हॉल. सोफ्याचं तोंड तिकडे, दिवाणाचं तोंड तिकडे, बघणारा एक आणि ऐकणारे पाच. मुलगी यंदा दहावीला, ती किचनमध्ये ओट्याला टेकून खाली बसून गणितं सोडवायची आणि मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट, त्यांना साडेनऊला आडवं व्हायचं असायचं तर समोर कुणाचं तरी लग्न मोडत असायचं, मागून ते धाड धाड म्युझिक. आता त्याच भिंतीला फोल्डिंगचं टेबल लावलंय, ती तिथे अभ्यास करते, सासूबाई दिवाणावर वाती वळतात, मुलगा खिडकीत बसतो आणि कोणाचं कोणाला काही होत नाही. एवढी जागा विकत घ्यायला जा म्हणजे ब्रोकर भाव सांगेल.

दुसरं जेवणाचं. नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिराती चालतात, म्हणजे सात ते दहा बघत बसलात तर 36 मिनिटं नुसते साबण आणि मसाले. माझा सगळा स्वयंपाक त्यावरच चालायचा, ब्रेक लागला की पोळ्या लाटायच्या, ब्रेक संपला की गॅस बारीक. जेवायला दहा वाजायचे आणि ताटात काय वाढलंय ते कोणी बघायचं पण नाही. आता साडेआठला जेवतो, आमटीला मीठ कमी असेल तर लगेच ऐकायला मिळतं (हा फायदा म्हणावा का माहीत नाही). मिस्टरांची रात्रीची ॲसिडिटी खूप कमी झाली, हे काही डॉक्टरांना विचारून लिहीत नाहीये, घरातलं सांगतेय.

पण खरं सांगू का, मालिकांपेक्षा बातम्यांचे चॅनल गेले ते फार बरं झालं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की तीच क्लिप दिवसभर फिरवणार, वर लाल अक्षरात ब्रेकिंग आणि इकडे सासूबाई मिस्टरांना फोनवर फोन, कुठे पोचलास, ट्रेन चालू आहे का, आणि तो बिचारा ऑफिसात कोरडा बसलेला. आता सकाळी पेपरात वाचतो, तोवर पाणी उतरलेलं असतं.

पैशाचं म्हणाल तर थोडे वाचतातच, 2019 ला ट्रायचे (फोन-केबलचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवे नियम आले तेव्हापासून कनेक्शनचे वेगळे आणि चॅनलचे वेगळे, तो हिशेब मला कधी कळलाच नाही.

यावर लोक म्हणतात टीव्ही गेला तरी मोबाइल आहेच की. आहे ना, मुलगा बघतो रात्री. पण तो कानात इयरफोन घालून कोपऱ्यात बघतो, त्याच्यासाठी बाकीच्या चौघांना जागं राहावं लागत नाही, एवढा फरक मला पुरे आहे.

सासूबाईंचं काय होणार याची मात्र भीती होती, दुपारभर त्यांना सोबत टीव्हीचीच. त्याच उलट म्हणाल्या काढून टाक. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा त्या परळला चाळीत होत्या, अख्ख्या मजल्यावर एकाकडे टीव्ही, संध्याकाळी थोडा वेळ कार्यक्रम, ते संपले की सगळे आपापल्या खोलीत. टीव्ही दुसऱ्याच्या घरात असावा असं त्यांचं मत! आणि मॅचचं म्हणाल तर 2024 ची टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल आम्ही घरी टीव्ही असूनसुद्धा खाली मंडळाच्या स्क्रीनवर बघितली होती, 7 रन्सनी जिंकलो तेव्हा जो दंगा झाला तो काय घरात सोफ्यावर होणार होता? पुढची पण तिथेच बघू.

सासूबाईंना आता रेडिओ आणून दिलाय, अस्मिता वाहिनी लावून बसतात. फक्त कुठला कार्यक्रम किती वाजता ते कळत नाही आणि मोबाइलवर शोधणं त्यांना जमत नाही. तर तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा आकाशवाणीच्या कार्यक्रमांच्या वेळा छापता येतील का? अक्षर जरा मोठं ठेवा.

आपली,
एक वाचक, विक्रोळी (पूर्व), मुंबई