रविवारचा दुपारचा नाच : येण्याआधी एवढं वाचा

मंडळी, येत्या रविवारी दुपारी 2 ते 4 नेहमीच्या सभागृहात आई-बाबा आणि चिल्ल्यापिल्ल्यांचा नाच आहे. दार पावणेदोनला उघडेल.

- मुलांना सोडून जाता येणार नाही. सोबत घरातलं एक मोठं माणूस हवंच, आणि त्यानं नाचायचंही आहे. मागच्या वेळी भिंतीला टेकून मोबाइल बघणारे बाबा बरेच होते!
- जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला 40 तास, 75 डेसिबलपर्यंत आवाज ठीक मानते. स्पीकरजवळ तो सहज त्याच्या वर जातो. म्हणून स्पीकरपुढे दोरी बांधणार आहोत, तिच्या आत कुणी जायचं नाही. तान्ह्यांना इअरमफ घाला. कापसाचे बोळे नकोत. ते आवाज फारसा अडवत नाहीत आणि थोड्या वेळानं तोंडात सापडतात.
- फुगे अजिबात आणू नका. मागे फुटक्या फुग्याचा तुकडा एका रांगत्या बाळाच्या मुठीत मिळाला, तोंडात जायच्या बेतात.
- नुसत्या मोज्यांवर पाय घसरतो. अनवाणी या किंवा रबरी तळाचे बूट घाला.
- दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

पेंगुळलेल्यांसाठी शेजारची खोली उघडी आहे. किती जण येताय ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.